एडीने गिटारच्या पोटात थाळी का बसवली?

एका माणसाने चांगली धडधाकट गिटार घेतली, तिचा वरचा लाकडी पत्रा कोरून काढला आणि आत टिनाची एक थाळी बसवली. न्याहारीची बशी असते ना, साधारण तेवढी. थाळी हलू नये म्हणून गिटारला भोवतीने काहीतरी आवळून बांधलं आणि मग तार छेडली. थाळी अशी झणझणली की आवाज पार समोरच्या भिंतीपर्यंत गेला.

आईबाबांची गिटार घेऊन हा प्रयोग करायला जाऊ नका. पुढे काय होईल त्याची जबाबदारी आम्ही घेणार नाही!

हा उद्योगी माणूस होता एडी डरहॅम. अमेरिकेतला. बँडमध्ये त्याची खुर्ची असायची ट्रॉम्बोनवाल्यांच्या रांगेत. हातात लांबलचक पितळी नळी, मांडीशेजारी थाळीवाली गिटार आणि खिशात पेन्सिल. पेन्सिल कशाला, ते येईलच पुढे. खरं सांगायचं तर त्या तिन्हींतली सगळ्यात कामाची वस्तू तीच होती.

एडीचा जन्म १९ ऑगस्ट १९०६ चा. गाव सॅन मार्कोस, राज्य टेक्सास. घर कृष्णवर्णीयांचं, परिस्थिती गरिबीची. वडील दुसऱ्यांच्या जमिनी कसायचे आणि फावल्या वेळात फिडल, म्हणजे गावाकडचं व्हायोलिन वाजवायचे. खुळखुळ्या सापाच्या शेपटीच्या टोकाला खडखडणारे कडे असतात, माहीत आहे? वडील ते आपल्या फिडलमध्ये टाकून ठेवायचे, असं एडी सांगायचा. तेव्हा वाद्याच्या पोटात नको ते घालायची खोड घरातूनच आलेली दिसते.

मोठा भाऊ ज्यो मात्र शिस्तीचा. त्याने टपालाने संगीताचे धडे मागवले. धडा पाकिटातून घरी यायचा, ज्यो तो शिकायचा आणि धाकट्या भावंडांना शिकवायचा. स्वर कागदावर कसे लिहायचे आणि लिहिलेले कसे वाचायचे, हे एडीला असं घरबसल्या मिळालं. भावाभावांनी आणि चुलत-मावस भावांनी मिळून एक बँडही काढला. एडी आधी बँजो आणि गिटार वाजवायचा, मग त्याच्या हातात ट्रॉम्बोन आला.

ट्रॉम्बोन तुम्ही पाहिला असेल. सव्वीस जानेवारीच्या संचलनात पोलिसांचा बँड येतो, त्यात काही वादक एक नळी पुढे-मागे सरकवत असतात ना, तोच तो. ट्रम्पेटला दाबायला तीन कळा असतात, बासरीला भोकं असतात, पेटीला पट्ट्या. ट्रॉम्बोनला यातलं काहीच नाही. कुठे थांबायचं त्याची नळीवर खूणसुद्धा नाही. मग सूर सापडतो कसा?

आधी आवाज येतो कुठून ते पाहू. ओठ मिटा आणि त्यांतून जोरात फुंकर मारा. ओठ थरथरले पाहिजेत. फुर्रर्र! (शेजारच्याच्या तोंडावर नको.) ट्रॉम्बोनवाला हेच करतो, फक्त ओठ वाटीसारख्या माउथपीसला टेकवून. त्या थरथरीने नळीतली हवा हलायला लागते. साध्या ट्रॉम्बोनची नळी सरळ केली तर सुमारे २.७ मीटर भरेल, म्हणजे नऊ फूट. एवढ्या लांबीतली हवा वाटेल त्या वेगाने थरथरत नाही, तिचे वेग ठरलेले असतात. नळी पूर्ण आत असताना सेकंदाला सुमारे ११६ वेळा थरथर, हा एक स्वर. ओठ आणखी आवळले तर हवा एकदम १७५ वर उडी मारते, मग २३३, मग २९१. मधल्या पायऱ्या गायब!

त्या मधल्या पायऱ्या भरायला सरकती नळी लागते. नळी लांब केली की हवेचा खांब लांबतो, थरथर मंदावते आणि सूर उतरतो. नळीच्या अशा सात जागा असतात आणि प्रत्येक जागेला सूर अर्धा स्वर खाली येतो. सातव्या जागेवर नळीची एकूण लांबी जवळजवळ ३.८ मीटर होते. वाढ एक मीटरहून जास्त, पण हात मात्र अर्ध्या मीटरहून थोडाच पुढे जातो. हे कसं? सरकता भाग इंग्रजी यू अक्षरासारखा वळलेला असतो. तो एक सेंटिमीटर पुढे सरकला की वरची नळीही एक सेंटिमीटर वाढते आणि खालचीही. एकात दोन!

आणखी एक मेख. या सात जागा सारख्या अंतरावर नसतात. पहिल्या जागेपासून दुसरी साधारण आठ सेंटिमीटरवर, पण सहावीपासून सातवी जवळजवळ अकरा. सूर जितका खाली, तितकी पुढची पायरी मोठी. वादक मोजपट्टी घेऊन बसत नाही. भोंग्याची कडा डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसते, तिसरी आणि चौथी जागा त्या कडेच्या आसपास येतात. बाकीचं कान सांगतात. नळी फुंकता फुंकता सरकवली तर एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं. आपले गायक घेतात तशी मींड पितळेच्या वाद्यातून निघते.

घरी करून बघायचंय? ज्यूसची प्लॅस्टिकची नळी घ्या, एक टोक दाताने चपटं करा आणि कात्रीने त्याला दोन्ही बाजूंनी तिरकं कापून टोकदार करा. ते टोक ओठांत धरून जोरात फुंका. प्यँ असा आवाज आला की समजा जमलं. आता कोणाला तरी सांगा, मी फुंकत असताना दुसरं टोक थोडं थोडं काप. नळी तोकडी होत जाईल आणि आवाज चढत जाईल. इथे ओठांऐवजी नळीचं चपटं टोक थरथरतं, बाकी हिशोब तोच. आवाज कर्कश असतो. दुपारी आजोबा झोपलेले असताना करू नका.

एडी १९२० च्या दशकात एका सर्कशीच्या बँडमध्ये दाखल झाला. १०१ रँच नावाची सर्कस होती, घोडे, काउबॉय, नेमबाजी असा सगळा थाट. सर्कशीच्या बँडमध्ये पितळी वाद्यांची रेलचेल असते, कारण तंबूतल्या गोंगाटावर मात करायची तर तेच हवं. एवढी वाद्यं हाताशी पाहून एडीने पेन्सिल काढली. यांना सगळ्यांना एकच सूर वाजवायला देण्यापेक्षा प्रत्येकाला वेगळा देऊन बघू, मिळून कसं लागतं?

यालाच संगीत संयोजन म्हणतात आणि ते करणाऱ्याला अरेंजर. धून एखाद्या ओळीची असते. समोर बसलेत तेरा जण. तीन-चार ट्रम्पेट, दोन-तीन ट्रॉम्बोन, चार-पाच सॅक्सोफोन, शिवाय पियानो, गिटार, बास आणि ड्रम. धून कोणी वाजवायची? बाकीच्यांनी तेव्हा काय करायचं? सॅक्सोफोनने काही म्हटलं की ट्रम्पेटने त्याला उत्तर द्यायचं का? आणि सगळ्यात अवघड, कोणी कधी गप्प बसायचं? प्रत्येक वादकाला फक्त त्याचा स्वतःचा कागद मिळतो. तेरा कागद एकत्र वाजल्यावर कसे ऐकू येतील, हे आधी फक्त एकाच्या डोक्यात वाजत असतं.

त्यात या वाद्यांच्या खोड्या. ट्रम्पेटवाल्याने कागदावरचा सी वाजवला तर पियानोवरचा बी फ्लॅट ऐकू येतो. आल्टो सॅक्सोफोनवाल्याने तोच सी वाजवला तर निघतो ई फ्लॅट! म्हणजे तिघांकडून एकच सूर हवा असेल तर तिघांच्या कागदांवर तीन वेगळे सूर लिहायचे. ट्रॉम्बोनची खोडी तर भलतीच. मघाचा ११६ वाला स्वर पहिल्या जागेवर मिळतो, नळी पूर्ण आत. त्याच्या अगदी लागून वरचा स्वर आहे १२३ चा, फक्त अर्धा स्वर वर. तो कुठे मिळतो? सातव्या जागेवर, नळी पूर्ण बाहेर! पियानोवर ही दोन बोटं शेजारी शेजारी पडतात, ट्रॉम्बोनवाल्याला मात्र हात या टोकापासून त्या टोकापर्यंत फेकावा लागतो. ज्याने स्वतः ट्रॉम्बोन वाजवलाय तो दुसऱ्या ट्रॉम्बोनवाल्याला असं भरभर वाजवायला लिहून देताना दहादा विचार करतो. पेन्सिलवाला स्वतः वादक असला की असा फायदा होतो.

१९२९ मध्ये एडी कॅन्सस सिटीच्या बेनी मोटन यांच्या बँडमध्ये गेला. पियानोवर होता बिल बेसी, पुढे तो काउंट बेसी नावाने गाजला. दिवस मंदीचे होते. लोकांकडे नाचाचं तिकीट काढायला पैसे नव्हते आणि बँडकडे जेवायला. १९३२ च्या डिसेंबरात हे सगळे न्यू जर्सीतल्या कॅम्डेन गावी रेकॉर्डिंगला निघाले तेव्हा त्यांची काय दशा होती, ते सॅक्सोफोनवाला एडी बेअरफिल्ड सांगायचा. (हा दुसरा एडी, घोळ नको.) एका माणसाने खटारा बस आणली, कुठून तरी एक ससा आणि चार पाव पैदा केले, आणि सगळ्यांनी मिळून चक्क पूल खेळायच्या टेबलावर सशाचा रस्सा शिजवला.

तो खाऊन १३ डिसेंबरला त्यांनी एका दिवसात दहा गाणी रेकॉर्ड केली. ती आजही ऐकायला मिळतात. ऐकताना कोणी उपाशी आहे असं अजिबात वाटत नाही, उलट सगळे पेटलेले आहेत. बास सरळ चार ठोके चालत राहतो, वर सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट छोट्या छोट्या ओळी एकमेकांकडे फेकतात. चार-पाच वर्षांत अख्ख्या अमेरिकेने याच चालीवर नाचायला सुरुवात केली. त्या संगीताला स्विंग म्हणायला लागले.

स्विंग म्हणजे नेमकं काय, यावर मोठी माणसं अजून भांडतात. तुम्ही टाळ्यांनीच बघा. एका ठोक्यात दोन टाळ्या बसवा, दोन्ही सारख्या: टक-टक टक-टक. आता पहिली लांबवा आणि दुसरी उशिरा, घाईत मारा: टाऽक-ट टाऽक-ट. ठोक्याचे तीन भाग केले तर पहिल्या टाळीला दोन आणि दुसरीला एक. पाय आपोआप हलायला लागले की समजा, जमलं. गती वाढली की हा फरक कमी होतो. म्हणून पट्टीने मोजून स्विंग वाजवणाऱ्याचं वाजवणं लाकडी वाटतं.

१९३५ मध्ये एडी जिमी लन्सफर्ड यांच्या बँडमध्ये गेला. हा बँड म्हणजे डोळ्यांनासुद्धा मेजवानी. एकसारखे सूट, ट्रम्पेटवाले वाजवता वाजवता ट्रम्पेट हवेत उडवून झेलायचे, ट्रॉम्बोनवाले आपल्या भोंग्यांपुढे टोप्या हलवायचे. टोपीचा उपयोग केवळ दिखाव्याचा नाही बरं का. भोंग्याचं तोंड झाकलं की आवाज मऊ होतो, उघडलं की स्वच्छ. झाक-उघड केली की वाद्य वा-वा बोलायला लागतं. त्या काळातले कित्येक वादक यासाठी काय वापरायचे सांगू? संडास तुंबला की वापरतात तो रबरी प्लंजर! त्याचा दांडा काढून टाकायचा आणि वाटी भोंग्यापुढे धरायची. ड्यूक एलिंग्टनच्या बँडमधला ज्यो नॅन्टन या प्लंजरच्या जोरावर ट्रॉम्बोनकडून माणसासारखी कुरकुर करवून घ्यायचा. (नवा प्लंजर असावा, अशी आपण आशा करू.)

अशा या दणदणाटात गिटार कोण ऐकणार? एडीची खरी अडचण इथेच होती. तार म्हणजे केवढीशी! ती हवा कापत जाते, ढकलत नाही. म्हणून गिटारला रुंद लाकडी पोट असतं. तारेची थरथर लाकडात उतरते आणि लाकूड बरीच जास्त हवा हलवतं. टिनाची थाळी पातळ आणि हलकी, ती लाकडापेक्षा चटकन थरथरते आणि आवाज मोठा निघतो. पण निसर्ग फुकट काही देत नाही. तारेत शक्ती तेवढीच असते. ती भसकन खर्च झाली की सूरही लवकर मरतो. थाळीवाल्या गिटारचा सूर मोठा, पण आखूड असतो.

तेवढंही पुरेना. मग लन्सफर्ड स्वतः माइक उचलून आणायचे आणि गिटारच्या भोकाशी धरायचे, असं एडीने पुढे सांगितलंय. साऱ्या बँडचा मालक एका गिटारवाल्यासाठी माइक धरून उभा! ३० सप्टेंबर १९३५ ला त्यांनी ‘हिटिन द बॉटल’ नावाची धून रेकॉर्ड केली. त्यात एडीची गिटार अशी मोठी होऊन, एकटी, सुट्या सुरांत वाजलेली ऐकू येते. तोवर बँडमधल्या गिटारचं काम बहुतेक वेळा मागे बसून ठोके धरायचं.

माइकनंतरची पायरी होती वीज. गिटारच्या तारांखाली एक पिकअप बसवायचा. पिकअपमध्ये असतं काय? लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर गिटारची पोलादी तार. तार हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं, आणि वेढ्यांजवळचं चुंबकक्षेत्र बदललं की वेढ्यांत वीज तयार होते. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेला हा प्रकार. तार सेकंदाला ११६ वेळा थरथरली तर वीजही ११६ वेळा इकडून तिकडे. ही वीज अगदी किरकोळ असते, म्हणून अँप्लिफायर तिला मोठी करतो आणि स्पीकर तिचा पुन्हा आवाज करतो. पोलादाऐवजी नायलॉनची तार लावली तर पिकअप ढिम्म हलणार नाही. चुंबकाला नायलॉनशी देणंघेणं नसतं.

विजेची गिटार एडीने शोधली, असं मात्र नाही. १९३२ पासून कंपन्या तशा गिटारी विकतही होत्या. पण जॅझवाल्यांत ती गंभीरपणे वाजवणाऱ्या पहिल्या मोजक्या लोकांत तो आहे. सोपं नव्हतं ते. जुन्या नाचघरांतल्या वायरिंगला असल्या यंत्रांची सवय नव्हती. एडीने गिटार जोडून तार छेडली की कित्येक ठिकाणी दिवेच जायचे! १९३७ च्या सुमारास ओक्लाहोमात त्याला चार्ली ख्रिश्चन नावाचा एक तरुण भेटला. एडीने त्याला आपली विजेची गिटार आणि ती छेडायची आपली पद्धत दाखवली. दोन वर्षांत चार्ली बेनी गुडमन यांच्या प्रसिद्ध बँडमध्ये गेला आणि विजेच्या गिटारचा राजा झाला. पंचविसाव्या वर्षी तो क्षयाने वारला. आज जगात कुठेही कोणी जॅझ गिटार हातात घेतली की चार्लीचं नाव निघतं, एडीचं क्वचित.

१९३७ मध्येच एडी बेसीकडे गेला, वर्षभरच होता, पण काय वर्ष ते! बेसीच्या बँडमध्ये बऱ्याच धुना कागदावर नसायच्याच. कोणीतरी एक ओळ काढायचा, दुसरे तिला जोड द्यायचे, आणि सगळं पाठ. मजा यायची, पण एखादा वादक आजारी पडला की त्याच्याबरोबर त्याची ओळही घरी राहायची. एडीने ‘टॉप्सी’, ‘टाइम आउट’, ‘आउट द विंडो’, ‘स्विंगिंग द ब्लूज’ अशा धुना नीट लिहून दिल्या, त्याही अशा की वाजवताना ऐनवेळी सुचल्यासारख्याच वाटाव्यात. लिहिलेलं संगीत न लिहिलेलं वाटायला लावणं ही माझ्या मते त्याची सगळ्यात मोठी करामत. टिनाच्या थाळीपेक्षाही मोठी.

मग तो इतरांना लिहून द्यायला लागला. त्यातला एक गिऱ्हाईक होता ग्लेन मिलर, तोही ट्रॉम्बोनवाला, तोही अरेंजर. मिलरच्या बँडने १ ऑगस्ट १९३९ ला ‘इन द मूड’ रेकॉर्ड केलं. ही धून ज्यो गार्लंडच्या नावावर आहे, आणि मिलरसाठी तिला जो आकार मिळाला त्यात एडीचाही हात होता. शेवटाकडे बँड तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवतो, दर वेळी आणखी हळू, आणखी हळू, संपलं वाटेपर्यंत, आणि मग धाडकन! नाचणारे दचकायचे आणि पुन्हा नाचायचे. लाखो लोकांनी ती तबकडी घेतली.

इथे एक कडू गोष्ट सांगायलाच हवी. मिलर गोरा, एडी काळा. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात कायद्यानेच काळ्या लोकांना वेगळं ठेवलं होतं. वेगळे डबे, वेगळे नळ, वेगळी दारं. काळ्या बँडला मोठ्या हॉटेलात वाजवायला बोलावायचे आणि झोपायला त्याच हॉटेलात खोली मिळायची नाही. रेडिओचे मोठे कार्यक्रम बहुतेक गोऱ्या बँडना. त्यामुळे काळ्या अरेंजरने लिहिलेलं संगीत गोऱ्या बँडने वाजवलं की ते घराघरांत पोचायचं आणि लिहिणाऱ्याचं नाव मात्र कोणाला ठाऊक नसायचं.

१९४० च्या दशकाच्या सुरुवातीला एडीने एक वेगळंच काम घेतलं. मिसिसिपीत पाइनी वूड्स नावाची शाळा होती, गरीब आणि अनाथ कृष्णवर्णीय मुलांची. तिथल्या मुलींचा बँड शाळेसाठी पैसे जमवत गावोगाव फिरायचा. नाव होतं इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ ऱ्हिदम. १९४१ मध्ये या मुली शाळेपासून वेगळ्या होऊन स्वतंत्र बँड म्हणून उभ्या राहिल्या आणि त्यांना शिकवायला, त्यांच्यासाठी लिहायला एडी आला. मुलींना ट्रम्पेट आणि ड्रम झेपत नाहीत असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. त्यांनी हा बँड ऐकला नसावा. मुली बसमध्येच राहायच्या, झोपायच्यासुद्धा बसमध्येच, कारण दक्षिणेत त्यांना उतरायला जागा मिळणं कठीण. पुढे बँडमध्ये काही गोऱ्या मुलीही आल्या, तेव्हा पोलिसांनी पकडू नये म्हणून त्या चेहऱ्याला गडद रंग लावून मंचावर बसायच्या. एकत्र वाजवणं हाच गुन्हा! नंतर एडीने स्वतःच्या नावाने आणखी एक मुलींचा बँड काढला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देशभर फिरवला.

हे सगळं चाललं होतं अमेरिकेत, पण स्विंगचा वारा आपल्याकडेही आला होता. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हे कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले. गोव्याचे वादक कान टवकारून ऐकत होते. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन शिकवायचे, त्यामुळे कागद वाचणारे आणि लिहिणारे हात तिथे तयारच होते. हळदोण्याचा चिक चॉकलेट ट्रम्पेट वाजवायचा. आपले सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, यांच्याबरोबर त्याने काम केलं. १९५१ च्या ‘अलबेला’तली गाणी आजी-आजोबांना विचारा, त्यांचे पाय थिरकतील. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा या गोंयकार अरेंजरांनी हिंदी सिनेमाच्या गाण्यांना पन्नास-पन्नास वाद्यांची साथ लिहून दिली. पडद्यावर नाव संगीतकाराचं झळकायचं, अरेंजरचं बहुतेक वेळा नाहीच. पेन्सिलवाल्यांचं नशीब समुद्राच्या दोन्ही बाजूंना सारखंच निघालं.

एडीच्या धुना मात्र चिवट. ‘टॉप्सी’ त्याने एडगर बॅटलबरोबर रचली होती. १९५८ मध्ये, म्हणजे एकवीस वर्षांनी, कोझी कोल नावाच्या ड्रमवाल्याने ती पुन्हा वाजवली, जवळजवळ सगळी ड्रमवरच. तोवर स्विंगचा जमाना संपून रॉक अँड रोल आलं होतं. तरी ती अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेली! रॉकवर नाचणाऱ्या पोरांना ठाऊकही नसेल की ही धून आपल्या आईबाबांच्या तरुणपणातली आहे.

म्हातारपणी एडी पुन्हा ट्रॉम्बोन आणि गिटार घेऊन निघाला. हार्लेम ब्लूज अँड जॅझ बँड नावाचा जुन्याजाणत्या वादकांचा एक संच होता, त्यात तो वाजवायचा. ६ मार्च १९८७ ला तो न्यूयॉर्कमध्ये वारला. सॅन मार्कोसमध्ये आता त्याच्या नावाची बाग आहे.

आता तुमच्यासाठी कामगिरी. घरातल्या मोठ्यांना ‘काउंटलेस ब्लूज’ नावाचं रेकॉर्डिंग इंटरनेटवर शोधून द्यायला सांगा. २७ सप्टेंबर १९३८ चं आहे, वाजवणारे सहाच जण, नाव कॅन्सस सिटी सिक्स. पियानो मुद्दाम ठेवलेला नाही आणि गिटारी आहेत दोन. एकीला वीज जोडलेली नाही, ती फ्रेडी ग्रीन वाजवतोय. दुसरी विजेची, एडीची. एक गिटार सुरुवातीपासून शेवटपर्यंत घड्याळासारखी ठोके देत राहते, दुसरी मध्येच पुढे येऊन बोलते आणि परत मागे जाते. आधी डोळे मिटून फक्त ठोकेवाली ऐका, मग पुन्हा लावून फक्त बोलणारी. कोणती कोणाची, ते ओळखून आम्हाला पोस्टकार्डावर कळवा. आणि हो, ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट वाजत असताना बोलणारी गिटार काय करते, तेही लिहा!